आई कानबाई बसवते आणि मी ख्रिस्ती विश्वासात आलोय. खरं बोलू की तिचं मन राखू?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गाव पारोळ्याकडचं, नोकरी जळगावला. वडील गेलेत, घरी आई एकटी. तुम्ही येशूवर विश्वास ठेवलाय, पण घरी अजून नीट सांगितलेलं नाही. श्रावण तोंडावर आलाय, आई कानबाई बसवणार. चर्चच्या मंडळीतले काही भाऊ म्हणतात, कानबाईच्या रोटाला हात लावू नको, सगळे जमतील तेव्हाच उभं राहून आपल्या विश्वासाची साक्ष दे. मित्र म्हणतो, गुपचूप खाऊन घे, कशाला म्हातारीला रडवतोस. सत्य आणि प्रेम यांचा मेळ कसा घालायचा, बाप्तिस्मा आधी घ्यावा की आईला सांगून घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

मी नंदुरबारकडची. आमच्या घरात आजोबांपासून ख्रिस्ती विश्वास आहे, आणि माझी सगळी नोकरी नर्स म्हणून गेली. ईश्वरविज्ञान शिकलेली नाही, त्यामुळे हे एका बाईचं मत म्हणून वाचा. त्या भावांचंही ऐकू नका आणि मित्राचंही, असंच मी सांगेन.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई बसते, रात्रभर गाणी होतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. घरात पुरुष किती, त्या हिशेबाने मुठीमुठीने गहू मोजून घेतात आणि त्याचे रोट करतात. हे रोट भाऊबंदकीतच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी असेल, पण मोजदाद असतेच. पुण्या-सुरतेला गेलेला मुलगासुद्धा त्या मोजणीत असतो.

आता त्या दिवशी काका, चुलतभाऊ, सगळे पंगतीला बसलेत आणि तुम्ही ताट सरकवलंत. तुमच्या मनात असणार की मी माझ्या देवाशी एकनिष्ठ राहिलो. आईला मात्र ऐकू येणार, माझा पोरगा या घराच्या मोजणीतून उठला. तुम्हाला ते म्हणायचंच नव्हतं. म्हणजे साक्ष देता देता तुम्ही आईला एक धडधडीत खोटी गोष्ट सांगून मोकळे झालात, की मी आता तुझा नाही. त्या भावांना हे दिसत नाही, कारण त्यांच्या लेखी ठासून बोललं की ते खरं. ऐकणाऱ्याच्या कानात काय शिरलं, याचा हिशेब त्यांना कुणी मागत नाही.

मित्राचा सल्ला प्रेमळ वाटतो, पण त्यातही आईची किंमत कमीच केलेली आहे. तिला खरं पेलणार नाही, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. शिवाय तिला कळणारच. जळगावची बातमी तुमच्याआधी एसटीने पारोळ्याला पोहोचते. मग ती मागची सगळी वर्षं उलगडत बसेल. हा माझ्याशेजारी बसून जेवला तेव्हा कोण होता? हे दुःख ताट सरकवण्यापेक्षा मोठं आहे.

म्हणून आषाढातच गावी जा. एकटे जा. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सोबत नेऊ नका, फोनवर सांगू नका, मामाकरवी निरोप तर अजिबात नको. संध्याकाळी ती मोकळी असेल तेव्हा बसा आणि स्वतःबद्दल बोला. तुम्हाला काय झालं, येशूमध्ये काय सापडलं, आता प्रार्थना कशी करता. तुमची देवी खोटी आहे, तुम्ही अंधारात आहात, हे वाक्य तुमच्या साक्षीत कुठेच लागत नाही. तुम्हाला माहीत आहे ते तुमच्या आयुष्यातलं. आईच्या आयुष्यात देवाने काय केलं आणि काय नाही, ते तुम्ही पाहिलेलं नाही. मग त्यावर निकाल देऊन त्याला सत्य का म्हणायचं? पहिलं वाक्य आपल्या अहिराणी बोलीतच असू द्या. "माय, मी तुनाच पोर्‍या शे, पहिले हाई आयकी ले." (आई, मी तुझाच मुलगा आहे, आधी हे ऐकून घे.) मंडळीत आपण जी पुस्तकी मराठी बोलतो ना, 'तारण', 'पश्चात्ताप', 'नवा जन्म', ती घरी आईसमोर सरकारी नोटिशीसारखी वाटते.

रोटाचं काय? इथे विश्वासणाऱ्यांमध्येच एकमत नाही, आणि ते तुम्ही आईपासून लपवायचं कारण नाही. येशूनंतरच्या पहिल्या काळात ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीत हाच वाद होता. प्रेषित पौलाने त्यांना पत्रात लिहिलं (ते बायबलमध्ये आहे) की मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, अन्नाने आपण देवाच्या जवळही जात नाही आणि लांबही नाही. कुणाकडे जेवायला गेलात तर पुढे येईल ते चौकशी न करता खा. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी आणि त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. त्याच पत्रात तो असंही बजावतो की प्रभूचं मेज आणि मूर्तीपुढचं ते मेज, दोन्हीकडे भागीदार होता येत नाही. मी स्वतः पूजेतला प्रसाद घेत नाही. पण माझ्या ओळखीचे काही खरे भक्तिमान लोक आईच्या हातचं म्हणून घेतात, आणि त्यांना पापी ठरवायला मी जाणार नाही. तुम्ही काय करायचं ते तुमचा विवेक ठरवेल. फक्त जे ठरेल ते आईला महिनाभर आधी कळू द्या, म्हणजे मुठी मोजताना काय करायचं हे तिलाही ठरवता येईल. कदाचित ती तरीही तुमची मूठ धरेल. धरू द्या. तो तिचा हक्क आहे, तिथे वाद घालू नका.

आणि त्या दिवशी घरी असा. रविवार आहे, उपासना चुकेल, चुकू द्या. पाणी भरा, बाजार करा, पाहुण्यांना स्टँडवरून आणा, भांडी घासा. आरतीला उभं राहायचं नसेल तर तेवढा वेळ चुलीकडे काम असतंच. काका तोंड सोडतील, 'पैशे भेटनात का रे?' (पैसे मिळाले का रे?) असंही विचारतील. या प्रश्नाचा राग येतो, मला माहीत आहे, आम्ही तीन पिढ्या तो ऐकतोय. 'नाही काका' एवढं उत्तर पुरतं.

एक प्रश्न मात्र आई विचारेलच, त्या रात्री नाही तर पुढे कधीतरी. "मंग तुना बाप कथा गया?" (मग तुझा बाप कुठे गेला?) याची तयारी करून जा, कारण इथेच चांगली चांगली माणसं घसरतात. काही जण सरळ नरक म्हणून मोकळे होतात, जणू वरची वही यांच्याकडे ठेवायला दिली होती. काही जण पटकन म्हणतात, ते स्वर्गातच आहेत, तू काळजी करू नको. दोन्ही ठिकाणी माणूस आपल्याला माहीत नसलेलं बोलतोय. येशूखेरीज देवबापाकडे वाट नाही, असं मी मानते. कुणी सरळ विचारलं तर ते पाणी न घालता सांगते. पण अमक्या माणसाचं काय झालं, हे मला कुणी कळवलेलं नाही. बायबलमध्ये सदोम शहर वाचावं म्हणून रदबदली करताना अब्राहामाने देवालाच विचारलं होतं, साऱ्या जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही का? मी तिथपर्यंतच जाते. आईला म्हणा, माय, हे मला ठाऊक नाही, पण ज्याच्या हातात हे आहे तो अन्याय करणारा नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. मग वडिलांबद्दल बोला. ती बोलेल ते ऐका.

आता थोडं वेगळं, पण तुम्ही पुढे इतरांनाही येशूबद्दल सांगणार म्हणून लिहिते. लोकांना वाटतं की विश्वास सांगताना आमची चूक कठोरपणाची होते. आमच्या भागात मी उलटं जास्त पाहिलं. गोड बोलणं जास्त नडलं.

एक उदाहरण सांगते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार सातपुड्यातल्या आदिवासी घरांमध्ये पुष्कळ आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घेतली, अधूनमधून रक्त तपासलं, पाणी भरपूर प्यायलं, थंडी टाळली, तर अंग मोडून काढणाऱ्या वेदनांचे झटके कमी होतात. गोळी बंद केली की ते परततात. आता सरकारनेही २०४७ पर्यंत हा आजार संपवायचं ठरवून २०२३ साली राष्ट्रीय मोहीम काढलीय, पण घरातला प्रश्न रोजच्या गोळीचा असतो. एका मुलाच्या आईला प्रार्थनेला येणाऱ्या कुणीतरी सांगितलं, तुझा विश्वास पुरेसा असेल तर गोळी लागणार नाही. तिने बंद केली. पोरगं झोळीत घालून आणलं तेव्हा त्याच्या अंगाला हात लावू देत नव्हतं. सांगणारा माणूस दुष्ट नव्हता. तो त्या खाटेपाशी रात्रभर बसून रडला. त्याला तिला आशा द्यायची होती, आणि खरी आशा त्याला फार तोकडी वाटली.

वरून मुलगा पुन्हा आजारी पडला याचा दोषही त्या आईच्याच माथी, विश्वास कमी पडला म्हणून! यापेक्षा कठोर सत्य परवडलं.

मला कुणी विचारलं, सिस्टर, तुमचा येशू याला बरं करेल का, तर मी सांगायचे: तो करू शकतो असं मी मानते. तुझ्या मुलाला करेलच असं वचन माझ्याकडे नाही. मी प्रार्थना करते, तू गोळी चुकवू नको. ऐकायला हे तितकं गोड लागत नाही. पण ती माणसं पुन्हा माझ्याकडेच यायची, कारण मागच्या वेळी मी सांगितलं होतं तसंच झालेलं असायचं.

ड्युटीवर मी स्वतःहून विषय कधी काढला नाही. सलाइन लावलेल्या माणसाला 'नको' म्हणता येत नाही. तेच उधारीने किराणा घेणाऱ्याचं, तुमच्या हाताखाली काम करणाऱ्याचं, शिकवणीला येणाऱ्या पोराचं. ज्याला उठून जाता येत नाही त्याला सुवार्ता सांगणं मला बरं वाटत नाही. त्याने विचारलं तर गोष्ट वेगळी. मार्काच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला तो श्रीमंत तरुण आठवा. येशूने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्यावर प्रीती केली, आणि मग त्याला सगळ्यात अवघड गोष्ट सांगितली: सगळं वीक, गरिबांना दे, माझ्यामागे ये. तरुण खिन्न होऊन निघून गेला. येशू त्याच्यामागे धावला नाही, अट अर्ध्यावर आणली नाही, धमकीही दिली नाही. आपल्या प्रचारकांना हे 'निघून जाणं' सहनच होत नाही.

बाप्तिस्म्याचं तुम्ही शेवटी विचारलंय. आधी आईला सांगा, मग घ्या. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घरावर आभाळ कोसळलं. नवराबायको काही वर्षं वेगळे राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या विचाराने, सोवळ्याचा एकेक पदर स्वतः सोडवत. टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मागच्या काठावर थुंकायची त्यांना गरज वाटली नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण नव्याने विश्वासात आलेल्या पोरांकडून आम्ही जुन्या घराची निंदा जवळजवळ वदवूनच घेतो.

आणि किंमत आधी मोजा. बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब कर, असं येशूनेच सांगितलंय. घटनेच्या कलम २५ प्रमाणे आपला धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क सगळ्यांना आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. पण प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच स्पष्ट केलं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे, तेव्हा चमत्काराच्या जाहिराती करणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. तुमची जात तुम्ही लिहिलेली नाही, मीही विचारत नाही. पण अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र असेल तर हे माहीत असू द्या: १९५० च्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, ख्रिस्ती झाल्यावर राहत नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही. बाप्तिस्म्याच्या वर्गात ही गोष्ट सांगायला पाळक बहुधा विसरतात. तुमच्या पाळकांना सरळ विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर जळगावात एखाद्या वकिलाकडे तासभर बसून या. नियम बदलत असतात. कागद दाखवूनच सल्ला घ्या.