बाबा ‘लाँग’ का होतात? इंग्रजी विशेषणांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची असून पहिलीत शिकते. घरी आम्ही मराठी बोलतो, गल्लीत आणि शाळेच्या बसमध्ये हिंदी चालते आणि वर्गात इंग्रजी. ‘बिग-स्मॉल’, ‘हॉट-कोल्ड’ अशी विरुद्धार्थी शब्दांची यादी ती घडाघडा म्हणते. परंतु स्वतःहून बोलताना तिच्या लेखी सगळे काही ‘गुड’ किंवा ‘नाइस’ असते. क्वचित वेगळे बोललीच तर ‘माय पापा इज लाँग’ किंवा ‘आय वाँट हॉट हॉट पोहा’ असे म्हणते. तिच्या चुका कशा सुधाराव्यात?
— एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : आपण लिहिलेली मुलीची दोन्ही वाक्ये मी पुन्हा पुन्हा वाचली, कारण त्यांत मला चुकीपेक्षा विचार अधिक दिसला. हिंदीत ‘पापा लंबे हैं’ आणि ‘रस्सी लंबी है’ या दोन्ही ठिकाणी एकच विशेषण चालते. मराठीत मात्र माणूस उंच असतो आणि दोरी लांब असते. इंग्रजीत माणसाला आणि झाडाला ‘टॉल’, दोरीला आणि रस्त्याला ‘लाँग’, तर डोंगराला आणि भिंतीला बहुधा ‘हाय’ म्हणतात. मुलीने गल्लीतल्या हिंदीचा नियम इंग्रजीला लावला, एवढेच घडले आहे. तिने घरच्या मराठीचा आधार घेतला असता, तर ती ‘टॉल’च्या पुष्कळ जवळ पोहोचली असती. म्हणून ‘लाँग नाही, टॉल म्हण’ असे तिला टोकू नये. “हो, बाबा उंच आहेत, पापा इज टॉल, आणि आजीची वेणी लांब आहे, लाँग” असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवून सहज बोलावे आणि पुढच्या विषयाकडे वळावे. असे दहा वेळा कानावर पडले की फरक आपोआप रुजतो.

‘हॉट हॉट पोहा’ या वाक्यात आपल्या भाषांची द्विरुक्ती आहे. गरम गरम पोहे म्हणजे नुकतेच कढईतून उतरलेले. लहान लहान दगड म्हणजे अनेक, आणि त्यांतला प्रत्येक लहान. इंग्रजीला ही सवय नाही, पण त्या अर्थाचे शब्द तिच्याकडे आहेत. वाफाळत्या पोह्यांना ‘स्टीमिंग हॉट’ आणि अगदी लहान खड्यांना ‘टाइनी’ म्हणावे. शिवाय इंग्रजीत ‘हॉट’ म्हणजे गरमही आणि तिखटही. पोह्यांवर जिरावण हा तिखट मसाला भुरभुरवणाऱ्या आपल्या शहरात हा गोंधळ रोज सकाळी होऊ शकतो. त्यामुळे तिखटाला सुरुवातीपासून ‘स्पायसी’ म्हणणे बरे.

आता यादीविषयी. यादी पाठ करताना मुलाला विशेषणाची गरज भासत नाही. एक शब्द उच्चारला की दुसरा मागोमाग येतो. विशेषणाची गरज भासते ती निवड करताना. म्हणून एकाच जातीच्या, परंतु एकाच गुणात वेगळ्या असलेल्या दोन वस्तू तिच्यापुढे ठेवाव्यात : एक ओला टॉवेल आणि एक कोरडा, एक लाकडी चमचा आणि एक स्टीलचा, एक भरलेली बाटली आणि एक रिकामी. “कोणता टॉवेल देऊ?” या प्रश्नाला नुसते ‘टॉवेल’ हे उत्तर पुरत नाही; ‘द ड्राय वन’ म्हणावेच लागते. हत्ती मोठा आणि उंदीर लहान असे चित्र दाखवून हे साधत नाही, कारण तिथे वस्तूचे नाव घेतले तरी काम भागते.

याहून महत्त्वाची गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. इंग्रजी विशेषणे वाढवायची असतील, तर आधी घरातली मराठी विशेषणे जागी ठेवावीत. थंडीत सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू हा तळलेला कंद खाताना ते वरून कुरकुरीत आणि आत मऊ लागते, हे मुलीने जिभेने ओळखलेले असते. ‘कुरकुरीत’ हा शब्द तिच्याजवळ असेल, तर ‘क्रिस्पी’ हे त्याचे केवळ दुसरे नाव ठरते. खरखरीत, गुळगुळीत, चिकट, पाणचट, भुसभुशीत हे शब्द ज्या मुलाच्या कानावर रोज पडतात, त्याला गुण वेगळा काढून पाहण्याची सवय आधीच लागलेली असते. ती नसेल तर इंग्रजी शब्दाचा नुसता आवाज लक्षात राहतो. मराठीतला ‘-ट’ तर थेट उपयोगी पडतो : हिरवट म्हणजे ‘ग्रीनिश’, पिवळट म्हणजे ‘यलोइश’. काही शब्दांना मात्र रोजच्या इंग्रजीत नेमका जोड नाही. आवळा तुरट असतो आणि भाजलेले शेंगदाणे खमंग असतात. त्यांना तसेच राहू द्यावे आणि इंग्रजी वाक्यातही खुशाल मराठीतच म्हणावे.

‘गुड’ आणि ‘नाइस’ यांवर बंदी घालू नये. “काय आवडले त्यातले?” एवढे विचारावे आणि तिने मराठीत उत्तर दिले तरी ते मोलाचे मानावे.

प्रश्न : माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे. त्याला कोणताही रंग विचारला की तो ‘रेड’ म्हणतो. त्याची आई इंग्रजीत आणि मी मराठीत रंग शिकवतो. यामुळे तो गोंधळला आहे काय?
— एक आजोबा, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : आपण मराठी सोडू नये. मुले वस्तूंची नावे आधी शिकतात आणि रंगांची नावे बरीच उशिरा. चेंडू हातात धरता येतो, लाल रंग त्याच्यापासून वेगळा काढून धरता येत नाही. या वयात एकाच नावाने सगळे रंग ओळखणारी पुष्कळ मुले असतात. ‘हा कोणता रंग?’ अशी परीक्षा घेणे काही दिवस थांबवावे. वस्तू आधी आणि गुण नंतर अशा रचनेत बोलावे : ‘द कप इज यलो’, ‘कप पिवळा आहे’. अभ्यासकांना असे आढळले आहे की वस्तूचे नाव आधी ऐकले की मुलाचे लक्ष तिच्यावर स्थिरावते आणि मागून येणारा रंग अधिक चांगला लक्षात राहतो. सुरुवातीला दोनच रंग घ्यावेत. फळाचे आणि रंगाचे नाव एकच असलेला ‘ऑरेंज’ हा शब्द नंतरसाठी ठेवावा. पुढे पाचव्या वर्षीही त्याला दोन रंगांचे ठोकळे वेगवेगळे लावता आले नाहीत, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे; रंगांधळेपण मुलींपेक्षा मुलांमध्ये अधिक आढळते.

प्रश्न : मी दुसरीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. मुले ‘मोर बिगर’, ‘वुडन ओल्ड हाऊस’, ‘आय ॲम बोरिंग’ असे लिहितात. व्याकरणाचे नियम आताच द्यावेत काय?
— एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : नियम देऊ नयेत, परंतु ते आपल्याला ठाऊक असावेत, कारण चूक कुठून येते हे कळले तरच योग्य वाक्य मुलांपुढे ठेवता येते.

मराठीत तुलना करताना विशेषणाचे रूप बदलत नाही. ‘पेक्षा’ किंवा ‘अधिक’ हे शब्द ते काम करतात. मूल ‘अधिक’साठी ‘मोर’ घालते आणि शाळेत ऐकलेला ‘-अर’ही जोडते, म्हणून ‘मोर बिगर’ तयार होते. तीन मुलांची उंची भिंतीवर खडूने आखून ‘टॉल, टॉलर, टॉलेस्ट’ रोज म्हणवून घ्यावे. ‘मोर ब्यूटिफुल’सारखे लांब शब्द पुढच्या वर्षी घेता येतील. एक दिलासा मुलांना जरूर द्यावा : मोठा, मोठी, मोठे, मोठ्या या सर्वांना इंग्रजीत एकच ‘बिग’ पुरतो.

विशेषणांचा क्रम आपल्याकडे सैल आहे. जुना उंच वाडा आणि उंच जुना वाडा, दोन्ही चालतात. इंग्रजीत साधारणपणे मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण आणि शेवटी पदार्थ असा क्रम असतो. हा तक्ता भिंतीवर लावून काही साधत नाही. कानाला सवय व्हावी लागते. आपल्या सात मजली राजवाड्याचे चित्र फळ्याजवळ लावावे. त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत, हे मुलांनी पाहिलेले असते. त्यावरून ‘अ टॉल ओल्ड बिल्डिंग’, ‘ओल्ड वुडन विंडोज’ अशी वाक्ये एकत्र म्हणावीत. दोनच विशेषणे पुरेत. चार-चार विशेषणांची माळ लावण्याचा आग्रह मला चुकीचा वाटतो.

‘आय ॲम बोरिंग’ ही चूक सर्वांत खोल आहे. मराठीत भावना आपल्याकडे येते : मला कंटाळा आला, मला भूक लागली, मला राग आला. यांतले कंटाळा, भूक आणि राग ही नामे आहेत. इंग्रजीत त्याच जागी विशेषण येते आणि माणूस स्वतः कर्ता होतो : ‘आय ॲम बोर्ड’, ‘आय ॲम हंग्री’, ‘आय ॲम अँग्री’. म्हणून भावनांची विशेषणे सुटी शिकवू नयेत. हजेरी घेताना प्रत्येकाने आपले एक पूर्ण वाक्य म्हणावे. कंटाळवाणा असतो तो ‘बोरिंग’ आणि कंटाळलेला असतो तो ‘बोर्ड’, हे मराठीतून एकदाच, हळू आवाजात सांगितले तरी सात वर्षांच्या मुलाला समजते.

वह्या तपासताना आणखी एका जागी लक्ष द्यावे. ‘ॲन एग’ पाठ झालेली मुले ‘ॲन बॉइल्ड एग’ लिहितात. ‘अ’ की ‘ॲन’ हे नामावर नव्हे, तर लगेच पुढे येणाऱ्या शब्दाच्या उच्चारावर ठरते. तिथे लाल शाई न वापरता मुलाला वाक्य मोठ्याने वाचायला सांगावे.