ईमेल लिस्टवर कुणी उत्तरच देत नाही?

प्रश्न: मी भाषाशास्त्रात पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला आहे. विषय द्विरुक्त क्रियापदांचा. आमच्या विभागात यावर काम करणारं दुसरं कुणीच नाही, म्हणून गाइडनी ईमेल डिस्कशन लिस्टचं, म्हणजे एकाचा मेल सगळ्या सदस्यांना पोचवणाऱ्या चर्चागटाचं, सदस्य व्हायला सांगितलं. दोन लिस्टवर नाव घातलं. एकीवरून काहीच येत नाही. दुसरीवर ‘या विषयावरचं साहित्य कृपया पाठवा’ असं लिहिलं, तर एकही उत्तर नाही. सोशल मीडियाच्या काळात या लिस्टचा खरंच उपयोग आहे का?

उत्तर: आहे. पण तुमच्या दोन्ही अडचणी वेगवेगळ्या आहेत. पहिली निव्वळ तांत्रिक आहे, ती आधी संपवू.

नाव घातल्यावर लिस्टकडून एक खातरजमेचा मेल येतो. त्यातल्या लिंकवर क्लिक केल्याशिवाय किंवा त्याला उत्तर दिल्याशिवाय सदस्यत्व पूर्ण होत नाही. हा मेल बहुतेक वेळा स्पॅममध्ये पडतो. तिथे शोधा, जुना झाला असेल तर पुन्हा नाव घाला. आणखी एक गोष्ट. प्रत्येक लिस्टला दोन पत्ते असतात: एकावर लिहिलेलं सगळ्या सदस्यांना जातं, दुसरा फक्त सर्व्हरसाठी. सदस्यत्व घेणं, सोडणं, सुट्टीत मेल थांबवणं या सूचना दुसऱ्या पत्त्यावर जातात. १९८६ मध्ये एरिक थॉमस यांनी लिस्टसर्व्ह हे लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हापासून ही विभागणी चालत आली आहे. त्याआधी नावं घालण्या-काढण्याचं काम माणसाला हाताने करावं लागे. तरीही ‘माझं नाव काढा’ असा मेल हजारो लोकांना पाठवणारे प्राध्यापक आजही भेटतात. त्यांच्यात तुमची भर नको.

सदस्यत्व कोणत्या पत्त्यावरून घ्यायचं? विद्यापीठाचा ईमेल भारदस्त दिसतो, पण पदवीनंतर तो बंद होऊ शकतो आणि मेल परत जाऊ लागले की सर्व्हर तुमचं नाव काढून टाकतो. पूर्ण नावाचा खासगी पत्ता वापरा, संस्थेचं नाव मेलखालच्या सहीत लिहा. लिहितानाही तोच पत्ता हवा. बऱ्याच लिस्ट अनोळखी पत्त्यावरचा मेल स्वीकारत नाहीत. जीमेल असेल तर लिस्टवर पाठवलेला स्वतःचा मेल इनबॉक्समध्ये परत आलेला दिसत नाही. तो गेला नाही असं समजून दोनदा पाठवू नका; लिस्टच्या जुन्या मेलच्या संग्रहात पाहा.

आता दुसरी अडचण. ‘साहित्य पाठवा’ या विनंतीला उत्तर येत नाही, कारण ती वाचणाऱ्याला तुम्ही काय वाचलंय हे कळत नाही आणि किती वेळ द्यावा लागेल याचा अंदाजही येत नाही. अशा विनंतीला गृहपाठाचा वास येतो. उत्तर मिळवणारा प्रश्न जाणकाराला दहा मिनिटांत सोडवता येईल एवढा लहान असतो. विषयाच्या ओळीत ‘मदत हवी’ नको. ‘द्विरुक्त क्रियापद नकारार्थी वाक्यात येतं का? उदाहरणं हवीत’ असं लिहा. आत दोन ओळींत तुमचं काम, मग कोणते संदर्भ तपासले आणि त्यांत काय सापडलं नाही, एखादं उदाहरण अर्थासकट, आणि शेवटी एकच प्रश्न. दीडशे-दोनशे शब्द पुरे. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, कुणी व्याकरण तपासत बसत नाही. फाइल जोडू नका. पुष्कळ लिस्ट जोडपत्रं काढून टाकतात. लिंक द्या.

विचारण्याआधी तीन-चार आठवडे नुसतं वाचा आणि जुना संग्रह धुंडाळा. तुमचाच प्रश्न दहा वर्षांपूर्वी कुणी विचारलेला असू शकतो. सोशल मीडियावर अशी जुनी चर्चा शोधून काढणं जिकिरीचं असतं. इथे ती विषय आणि तारखेनुसार लावलेली असते. याच कारणाने तावातावाने लिहिलेलं वाक्यही तिथेच राहतं आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीआधी कुणी तुमचं नाव शोधलं तर सापडतं. काही लिस्टवर साधा ‘रिप्लाय’सुद्धा सगळ्यांना जातो, म्हणून पाठवण्यापूर्वी वरचा पत्ता पाहायची सवय लावा. नवा विषय जुन्या मेलला उत्तर देऊन सुरू करू नका, तो जुन्या धाग्यातच अडकतो. रोज फार मेल येत असतील तर डायजेस्ट, म्हणजे अनेक मेलचा एकत्र अंक, घ्या. मात्र डायजेस्टला थेट उत्तर दिलं तर विषयाच्या ओळीत फक्त अंक-क्रमांक उरतो, तो बदला.

उत्तरं बऱ्याचदा लिस्टवर न येता खासगीत येतात. इथेच खरी कमाई आहे आणि बहुतेक विद्यार्थी ती सोडून देतात. प्रत्येकाला स्वतंत्र आभार लिहा आणि दोनेक आठवड्यांत सगळ्या उत्तरांचा गोषवारा, उत्तर देणाऱ्यांच्या नावांसकट, लिस्टवर टाका. खासगीत लिहिलेलं जसंच्या तसं द्यायचं असेल तर आधी विचारा. १९९० पासून चालणाऱ्या भाषाशास्त्राच्या लिंग्विस्ट लिस्टवर तर प्रश्न विचारणाऱ्याने सारांश द्यावा असा रिवाजच आहे. तो सारांश वाचणाऱ्यांना तुमचं नाव विषयासकट लक्षात राहतं. दोन-तीन महिन्यांनी एखादा मसुदा तयार झाला की उत्तर देणाऱ्यांपैकी एकाला त्यातली नेमकी चार पानं पाठवा, अख्खं प्रकरण नको. पोस्टडॉकची (पीएच.डी.नंतरच्या संशोधनपदाची) चौकशी पहिल्याच मेलमध्ये तर नकोच.

एक सावधगिरी: अप्रकाशित मांडणीचा गाभा आणि गोळा केलेली पूर्ण सामग्री लिस्टवर उघडी करू नका. कडेचे प्रश्न विचारा. परिषदांच्या जाहिरातीही येतील. शुल्क भरण्याआधी आयोजकांची नावं गाइडना दाखवा.

तुमचा आधीचा मेल विसरा. लोकही विसरले असतील. महिनाभराने नकारार्थी वाक्यांचा प्रश्न नव्या विषयओळीसह पाठवा.