लव्हाळ्याचे मूळ दुखणे गाठींत आहे

दापोली आणि गुहागर भागांत कलिंगड व भाजीपाला करणाऱ्या काही शेतकरी बंधू-भगिनींनी दोन प्रश्न विचारले आहेत. वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीतील लव्हाळा हे तण दोनदा बेणूनही पुन्हा का उगवते, आणि त्याच्या गाठी नागरमोथा या वनौषधीच्या नावाने विकल्या जात असतील तर त्याची मुद्दाम लागवड करावी काय?

लव्हाळा गवतासारखा दिसला तरी तो गवत नव्हे. त्याची दांडी बोटांत फिरवली की तीन कडा स्पष्ट लागतात. तो बहुवर्षायू असून बियांपासून क्वचितच, मुख्यत्वे जमिनीतील गाठींपासून वाढतो. या गाठी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि माळेच्या टोकाच्या गाठीला कोंब फुटला की मागच्या गाठी सुप्त राहतात. ओल्या मातीत पॉवर टिलर किंवा रोटाव्हेटर फिरवल्यास माळ तुटते आणि त्या सुप्त गाठीही स्वतंत्रपणे फुटतात. म्हणूनच मशागत केल्यावर लव्हाळा वाढल्यासारखा वाटतो. बेणणीत वरचा पाला निघतो, पण गाठ जागेवरच राहते.

त्याला ऊन, ऊब आणि ओल हवी असते. दाट सावली आणि कोरडेपणा मात्र सोसत नाही. आपल्याकडे याचा उपयोग करून घेण्यासारखा आहे. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटिमीटर थरात असतात, त्यामुळे मार्च ते मे या काळात पाणी पूर्ण तोडून जमीन नांगरावी, ढेकळे उलटी होऊ द्यावीत आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा उलटावीत, म्हणजे गाठी उन्हात सुकून मरतात. पहिल्या पावसाबरोबर ताग किंवा धैंचा दाट पेरल्यास उरलेल्या कोंबांवर सावली पडते. त्यानंतर उगवलेले रोप तीन आठवड्यांच्या आत गाठीसकट काढावे, कारण त्यापुढे ते नव्या गाठी धरू लागते. कलिंगडाच्या वाफ्यावरील प्लास्टिक आच्छादनावर विसंबू नये. लव्हाळ्याचा टोकदार कोंब ते भेदून वर येतो. काढलेल्या गाठी शेणखताच्या खड्ड्यात कधीही टाकू नयेत, आणि आंबा-काजूची कलमे घेताना पिशवीतील माती अवश्य तपासावी. माझ्या पाहणीत स्वच्छ बागेत लव्हाळा बहुधा याच वाटेने शिरलेला आढळतो. तणनाशक वापरायचे झाल्यास त्याच्या लेबलावर आपल्या पिकाचे नाव असेल तरच वापरावे.

भाताच्या खाचरात उगवणारे, मुळांना गाठी नसलेले मोथ्याचे तण वेगळे आहे. ते वर्षायू असून बियांपासून येते, त्याला वेळेवरची बेणणी आणि चांगली चिखलणी पुरते.

लागवडीविषयी माझे मत स्पष्ट आहे: शेतात लव्हाळा लावू नये. एकदा बसलेले रान मोकळे करायला अनेक उन्हाळे लागतात. नांगरटीत निघणाऱ्या गाठी वेचून, धुऊन, सावलीत नव्हे तर कडक उन्हात वाळवाव्यात आणि विकण्यापूर्वी वनौषधी घेणाऱ्या व्यापाऱ्याला नमुना दाखवावा, कारण बाजारात नागरमोथा या नावाने याच कुळातील दुसरी जातही विकली जाते.