अर्जाची पोच, आणि तीस दिवस

पेडण्यातील एका वाचकाचे पत्र आहे. रस्त्याला लागून जागा, सेटलमेंट झोन (म्हणजे वस्तीसाठी ठेवलेली जमीन), टीसीपीची, म्हणजे नगर व ग्राम नियोजन खात्याची, तांत्रिक मंजुरी हातात. तळमजल्यावर तीन दुकानगाळे, वर राहते घर असा नकाशा. १२ फेब्रुवारीला पंचायतीत अर्ज दिला, जुलै उजाडला तरी सचिव म्हणतात, "पुढच्या मीटिंगला घेऊ." मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यातून अशी पत्रे सतत येतात.

तुमची जमीन आधीच सेटलमेंटमध्ये आहे. त्यामुळे नगर नियोजन कायद्याच्या कलम १७(२) किंवा ३९अ खाली झोन बदलून आणतो म्हणणाऱ्या एजंटाला एक पैसाही देऊ नका. तुमचा प्रश्न झोनचा नाहीच.

तो आहे गोवा पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ चा. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत पंचायतीने निर्णय कळवला नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पंचायत उपसंचालकांकडे अपील करायचे. त्यांनीही तीस दिवसांत निकाल दिला नाही, तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. पंचायतीचे तीस दिवस १४ मार्चला संपले, तुमची अपिलाची मुदत १३ एप्रिलला. त्या महिन्यात तुम्ही सरपंचांच्या घरी चार खेपा घातल्या, आणि उपसंचालकांकडे एकही नाही. पाच पानी पत्रात पोचेची तारीख शेवटच्या ओळीत लिहावी, याचे मला खरेच वाईट वाटले. सगळे त्या तारखेवरच उभे आहे.

विलंबमाफीचा अर्ज जोडून आजही अपील करता येईल, पण मी त्यावर विसंबणार नाही. माझ्या मते नवा अर्ज करणे शहाणपणाचे. इनवर्ड नंबर आणि शिक्का असलेली प्रत घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका. एकतिसाव्या दिवशी अपिलाचा मसुदा तयार हवा.

त्याआधी सनद, म्हणजे जमिनीच्या बिगरशेती वापराचा परवाना, बघा. ती फक्त निवासी वापराची असेल, तर दुकानांसाठी जमीन महसूल संहितेखाली जिल्हाधिकाऱ्यांची वेगळी परवानगी लागेल. गाळे किती बसतील ते रस्त्याच्या रुंदीवर आणि पार्किंगवरही ठरेल. नकाशा पाहिल्याशिवाय आकडा सांगणार नाही. उपसंचालकांच्या मौनामुळे मिळालेली मानीव परवानगी हाती आली, तरी कायद्याविरुद्धचे बांधकाम ती वाचवत नाही.

सनदेची आणि जुन्या पोचेची प्रत याच आठवड्यात पाठवा.