जुनीच गोष्ट, नवा ठोसा

प्रश्न : मी सातपूरला प्रेस शॉपमध्ये काम करतो. गेल्या महिन्यात मुलानं घरी 'पॅसिफिक रिम' लावला. समुद्रातून राक्षस निघतात आणि माणसं अवाढव्य यंत्रमानवांत बसून त्यांच्याशी लढतात. मला फार आवडला. मुलगा म्हणतो, "पप्पा, यात नवीन काय? सगळं जपान्यांचं उचललंय." माल जुना होता, तर मला मजा कशी आली?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : मुलगा चुकीचं सांगत नाही, हे आधी मान्य करू या. समुद्रातून वर येणारा राक्षस जपानी पडद्यावर १९५४ साली 'गोजिरा'नं, म्हणजे आपल्या ओळखीच्या गॉडझिलानं आणला. यंत्रमानवाच्या डोक्यात बसून तो चालवणारा पोरगा जपानी चित्रकथाकार गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड' या चित्रकथेत आणि कार्टून मालिकेत १९७२ सालीच होता. पण 'उचललंय' हा शब्द मला पटत नाही. दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांनी सिनेमाच्या शेवटी तो पडद्यावरचे राक्षस हलते करणारे रे हॅरीहाउझेन आणि इशिरो होंडा यांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. होंडा म्हणजे 'गोजिरा'चे दिग्दर्शक. चोरी करणारा माणूस मालकाचं नाव दारावर लावत नाही.

आता तुमच्या मजेकडे येते. तुम्ही प्रेसवर काम करता, म्हणून तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. मोठा प्रेस खाली येतो तेव्हा तो किती जड आहे हे कुणी सांगावं लागत नाही, पायाखालची जमीनच सांगते. पडद्यावर हे वजन आणायचं कसं? माणूस उभ्याउभ्या कोसळला तर डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला अर्धा-पाऊण सेकंद लागतो. ऐंशी मीटरवरून सुटलेली वस्तू खाली यायला मात्र चार सेकंद घेते. या सिनेमातला 'जिप्सी डेंजर' हा यंत्रमानव जवळपास तेवढाच उंच आहे. त्यानं माणसाच्या चपळाईनं हात फिरवला असता, तर आपल्या डोळ्यांनी त्याला तत्काळ खेळणं ठरवलं असतं. तो हात मागे नेतो, थांबतो, खांद्यातून जोर काढतो, मग ठोसा येतो. अंगावरून पाणी निथळत राहतं. हाँगकाँगच्या मारामारीत एक ठोसा चुकून ऑफिसच्या इमारतीत घुसतो, टेबलं-खुर्च्या उडवत जातो आणि अगदी शेवटी, थांबता थांबता, एका टेबलावरच्या लटकत्या गोळ्यांच्या खेळण्याला हलकेच लागतो. गोळ्या टिक टिक करू लागतात. २०१३ साली कॉलेज रोडच्या थिएटरात मी भाच्याशेजारी बसून हे पाहिलं, तेव्हा दोघांनीही श्वास रोखला होता. ही कल्पना गोष्टीतली नव्हे, हाताळणीतली आहे. मला नवेपणा हवा असतो तो इथे.

२०१८ साली याचाच पुढचा भाग आला. यंत्रं तीच, राक्षसही त्याच जातीचे. पण लढाया लख्ख उन्हात आणि यंत्रं उड्या मारत धावणारी. वजनच गेलं. मी मध्यंतरात उठले ते परत आत गेले नाही.

आपल्या गावातलंच एक उदाहरण देते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१९ साली, त्यांची कंपनी नाशिकला असताना, 'कालिया मर्दन' केला. कृष्ण झाली होती त्यांची लेक मंदाकिनी. पाण्यातल्या प्रचंड नागाशी पोर झुंजते आणि त्याच्या फण्यावर नाचते. त्या वेळच्या प्रेक्षकांत ही गोष्ट ठाऊक नसलेला कोण असेल? कृष्ण जिंकणार हे माहीत असूनच लोक तिकीट काढत होते. त्यांना बघायचं होतं ते पोर पाण्यात उडी घेते तेव्हा काय दिसतं. तुम्ही राक्षसाशी झुंज बघायला बसलात, तेही काही वेगळं नव्हतं.

जुनेपणा कुठेच खटकत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. दोन वैमानिकांची उगाचची खुन्नस शंभर वेळा पाहिलेली आहे आणि इथे तिच्यात कुणी जीवही ओतलेला नाही. तेवढा भाग मला कंटाळवाणा झाला. याउलट, यंत्र चालवायला दोन माणसांनी आपापल्या आठवणी एकत्र करायच्या, ही कल्पना बघा. माको या वैमानिक तरुणीची आठवण उघडते आणि उद्ध्वस्त टोकियोत हातात लाल बूट धरून रडणारी लहान मुलगी दिसते. राखाडी रस्त्यावर तेवढाच लाल रंग. राक्षस केवढा आहे हे मला सगळ्यात नीट कळलं ते त्या मुलीच्या उंचीवरून.

तेव्हा मुलाशी वाद घालू नका. त्यालाच 'माझिंगर' लावायला सांगा आणि शेजारी बसा. पोरगा आपलं छोटं विमान यंत्राच्या डोक्यात उतरवतो आणि ते प्रचंड धूड जागं होतं, तेवढा वेळ दोघांनीही बोलू नका. मग तुमच्या प्रेसवर पहिला ठोका पडतो तेव्हा कसं वाटतं, ते त्याला सांगा. त्यानं ते तुमच्या तोंडून कधी ऐकलं नसेल.