ग्रेस केलीने लग्नानंतर सिनेमा सोडला. तिला पुढे पश्चात्ताप झाला असेल का?

प्रश्नकर्त्याने खाली असेही विचारले आहे की, नवऱ्याची हरकत नसताना तिने पुन्हा काम का केले नाही आणि राजघराण्यात जाणाऱ्या अभिनेत्रीने अभिनय चालू ठेवावा का. यातल्या ‘हरकत नसताना’ या दोन शब्दांमुळे मी लिहायला बसले आहे.

हॉलिवूडमधली ग्रेसची कारकीर्द सर्वांना ठाऊक आहे, ती पुन्हा सांगत नाही. अकरा चित्रपट आणि एक ऑस्कर पदरी असताना, वयाच्या २६व्या वर्षी, एप्रिल १९५६ मध्ये तिने मोनॅकोच्या प्रिन्स रेनिएशी लग्न केले. ते संस्थान तेव्हा दोन चौरस किलोमीटरचेही नव्हते, परंतु १९१८ च्या तहानुसार गादीला वारस उरला नाही तर ते फ्रान्सच्या संरक्षणाखाली जाणार होते. (वधूपित्याने वीस लाख डॉलर हुंडा दिल्याचे सर्वत्र छापून आले आहे, हुंडा ही केवळ आपलीच प्रथा असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) कॅरोलिन लग्नानंतर नऊ महिने चार दिवसांनी जन्मली आणि पुढच्याच वर्षी युवराज आल्बेर. अशा घरात सून कशासाठी आणतात, हे आमच्याकडच्या कोणत्याही वाड्यात विचारावे.

१९६२ मध्ये हिचकॉकने तिला ‘मार्नी’ देऊ केला. याच दिग्दर्शकाकडे तिने पूर्वी तीन चित्रपट केले होते. रेनिएने होकार दिला आणि राजवाड्याने तशी घोषणाही केली. प्रजेला मात्र ते रुचले नाही. चोरीचे वेड जडलेल्या बाईची भूमिका आपल्या राजघराण्यातल्या स्त्रीने करावी, हेच लोकांना सहन होईना. त्यातच करांच्या प्रश्नावरून फ्रान्सचे अध्यक्ष द गोल यांच्याशी संस्थानाचा वाद पेटलेला होता. काही महिन्यांत ग्रेसने माघार घेतली आणि तो चित्रपट टिपी हेड्रनला घेऊन १९६४ मध्ये आला. नवऱ्याने ‘हो’ म्हटले होते आणि ‘नाही’ तिच्या तोंडून आले, एवढेच लोकांच्या लक्षात राहते.

माझे लग्न १९८४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील एका इनामदार घराण्यात झाले. त्याआधी राज्य नाट्य स्पर्धेत मला अभिनयाचे रौप्यपदक मिळाले होते. इनाम केव्हाच गेले होते आणि वाड्याचे माळवद पावसाळ्यात सहा ठिकाणी गळत असे, परंतु मी ‘वहिनीसाहेब’ झाले होते. १९९३ च्या जून महिन्यात आमचे जुने दिग्दर्शक संहिता घेऊन घरी आले. नवऱ्याला सोडून एकटी राहणाऱ्या आणि मद्य घेणाऱ्या बाईची ती भूमिका होती. आमच्या यजमानांनी चहा संपायच्या आत सांगितले, ‘‘अवश्य करू द्या, आमची काही हरकत नाही.’’

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मला एकाही माणसाने ‘करू नका’ असे म्हटले नाही. सासूबाईंनी फक्त विचारले की, तालमीहून परतायला रात्रीचे किती वाजतील आणि गाडी कोण चालवील. कारभाऱ्यांनी आठवण करून दिली की, ग्रामदेवतेची पालखी वाड्यावर येते तेव्हा ओटी मोठ्या सूनबाईच भरतात. शाळेतल्या एका गुरुजींनी अत्यंत अदबीने चौकशी केली की, वहिनीसाहेब नाटकात खरोखरच पेला हातात धरणार का. यजमान रोज रात्री ‘‘आम्ही परवानगी दिली आहे’’ असे म्हणत आणि निवांत झोपी जात. सासूबाईंना किंवा गुरुजींना त्यांनी तेच वाक्य एकदा जरी ऐकवले असते, तरी पुरले असते. अखेर ‘प्रकृतीच्या कारणाने जमणार नाही’ असे आंतरदेशीय पत्र मीच लिहिले. ती भूमिका करणाऱ्या मुलीला त्या वर्षी पदक मिळाले. आजही पाहुण्यांसमोर यजमान सांगतात की, आम्ही हिला कधी अडवले नाही. आणि माझी धाकटी बहीण गेली तीस वर्षे म्हणते की, भाऊजींनी हो म्हटले होते, कच तूच खाल्लीस.

माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या होकारासाठी देणाऱ्याला कोणाचाही रोष पत्करावा लागत नाही, तो होकार म्हणजे सुटका करून घेण्याची सभ्य रीत आहे. रेनिएलाही मी यातून वगळत नाही.

शर्मिला टागोर यांचे उदाहरण कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगते. पतौडींशी लग्न झाल्यावरही त्या काम करत राहिल्या, ‘अमर प्रेम’ आणि ‘मौसम’ त्यानंतरचेच आहेत. परंतु पतौडी क्रिकेटपटू होते, त्यांचे संस्थान भारतात विलीन झालेले होते आणि १९७१ नंतर तनखाही उरला नाही. मोनॅकोत मात्र प्रजा होती आणि ती बोलत होती.

पश्चात्तापाविषयी म्हणाल, तर १९७६ मध्ये एडिंबरा महोत्सवात ग्रेसने जाहीर कवितावाचन केले आणि पुढे तसे कार्यक्रम ती करत राहिली. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ग्रेस म्हणून रंगमंचावर उभे राहायला तिला कोणाची आडकाठी नव्हती. दुसरी कोणी बाई होऊन उभे राहणे तेवढे चालत नव्हते. मलाही गणेशोत्सवात अध्यक्ष म्हणून दरवर्षी बोलावतात.

तिचे आयुष्य वाया गेले असे मात्र मी म्हणणार नाही. कलावंतांना मदत करणारी तिची संस्था आजही चालते, आणि सप्टेंबर १९८२ मध्ये मोटार अपघातानंतर वयाच्या ५२व्या वर्षी ती गेली तेव्हा रेनिएने पुन्हा लग्न केले नाही, हेही खरे. शिवाय तिचा राजवाडा गळत नव्हता, त्यामुळे माझी तुलना सर्वस्वी बरोबर आहे असा दावा नाही.

राहिला प्रश्न काम चालू ठेवण्याचा. ठेवावे, मात्र ‘चालेल का?’ असे विचारू नये, त्याला सगळे हो म्हणतात. प्रयोगाच्या दिवशी पालखी आली तर ओटी कोण भरेल, हे लग्नाआधी विचारून घ्यावे.

माझी बहीण ही उत्तरे वाचते. तिच्या माहितीसाठी सांगते की, त्या आंतरदेशीय पत्राआधी मी आणखी एक पत्र लिहिले होते. त्यात होकार आणि तालमीच्या तारखा आहेत, आणि ते अजून माझ्या ट्रंकेत आहे.