थांब्यावरची अक्षरे आणि थिनरची बाटली

प्रश्न : आमच्या मंडळाने पेठेतील केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बससेवेच्या, थांब्याची शेड स्वच्छ ठेवण्याचे मनावर घेतले आहे. फुटबॉलचा हंगाम आला की तिच्यावर संघांची नावे, आणि एरवी बारमाही बदामातली नावे, मार्करने व स्प्रेने लिहिली जातात. गेल्या रविवारी आम्ही थिनर आणून ती पुसली. बाकावरची अक्षरे गेली, मात्र बाजूचा पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा कायमचा धुरकट झाला. आमचे काय चुकले?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : अक्षरे कशाने लिहिली आहेत हे पाहून आपण थिनर निवडलेत; ती कशावर लिहिली आहेत, हे आधी पाहायला हवे होते. शेडचे पारदर्शक पत्रे बहुधा पॉलिकार्बोनेटचे किंवा ॲक्रिलिकचे असतात, आणि थिनर अथवा ॲसिटोन रंगाबरोबर या प्लॅस्टिकचा वरचा थरही विरघळवतो. आलेला धुरकटपणा पुसून जाणार नाही, पत्राच बदलावा लागेल. पुढच्या वेळी अशा पत्र्यावर प्रथम कोमट साबणपाणी वापरावे. पॉलिकार्बोनेट असल्याची खात्री असेल तरच आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले मऊ फडके हलक्या हाताने फिरवावे, कारण ॲक्रिलिकला अल्कोहोलनेही बारीक तडे जाऊ शकतात. कोपऱ्यात बोटभर जागेवर आधी करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

स्टेनलेस स्टीलच्या बाकाला थिनर चालते, फक्त फडके धातूवरच्या रेघांच्या दिशेनेच फिरवावे आणि तारेचा ब्रश मुळीच वापरू नये. त्याचे लोखंडी कण स्टीलमध्ये रुतून बसतात व कोल्हापूरच्या पावसात तिथेच गंज धरतो. रंग दिलेल्या खांबावर मात्र थिनर लावले, तर लिहिलेल्या अक्षरांसोबत मूळ रंगही निघतो. तेथे संपूर्ण खांब एकाच छटेने पुन्हा रंगवणे बरे. अक्षरांपुरता पट्टा मारला की ठिगळ दिसते, आणि ठिगळ म्हणजे पुढच्या लिहिणाऱ्याला आयती पाटीच.

सर्वांत अवघड प्रकार काळ्या दगडाच्या किंवा प्लॅस्टर केलेल्या भिंतीचा. रंग तेथे छिद्रांत शिरतो आणि द्रावण ओतून घासल्यास तो आणखी खोल जातो. अशा वेळी रंग विरघळवणारे द्रावण शाडूसारख्या मातीत कालवून त्याचा लेप द्यावा, वर प्लॅस्टिक झाकावे, रंग मऊ झाल्यावर प्लॅस्टिक काढून लेप सुकू द्यावा आणि मग खरवडावा. एका वेळेत सगळे निघत नाही. ॲसिडच्या वाटेला जाऊ नये. हातमोजे घालावेत, आणि थिनरजवळ विडी-सिगारेट नको, हे रविवारच्या उत्साहात विसरले जाते म्हणून लिहितो. काम सुरू करण्यापूर्वी परिवहन उपक्रमाची लेखी संमतीही घ्यावी.

प्रश्न : पुसले की दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लिहितात. मग उपयोग काय?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : उपयोग वेगावर अवलंबून आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे डबे एके काळी आतून-बाहेरून रंगलेले असत. तेथील प्रशासनाने 1984 मध्ये नियम केला की, एकदा स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंगला तर तो धुतल्याशिवाय मार्गावर सोडायचा नाही. मे 1989 मध्ये शेवटचा रंगलेला डबा सेवेतून निघाला. लिहिणाऱ्याला आपले नाव गावभर फिरावे असे वाटत असते, आणि ते फिरलेच नाही तर कष्टाचे मोल उरत नाही. पेठेतल्या थांब्यालाही हे लागू पडते. शिवाय ताजा रंग पुसायला सोपा असतो. आठवड्याऐवजी दुसऱ्याच दिवशी पुसून पाहा. नव्या शेडवर रंग धरू न देणारे पॉलियुरेथेनचे लेपन, बसच्या काचांवर बदलता येणारी पारदर्शक फिल्म आणि थांब्यावर चांगला दिवा, यांवरचा खर्च मला योग्य वाटतो. काचेवर टोकदार वस्तूने कोरलेले मात्र कोणत्याही द्रावणाने जात नाही.

प्रश्न : पकडलेल्या मुलांवर कोणता कायदा लागतो?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा 1995 चा अधिनियम आहे, आणि सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान झाले असल्यास केंद्राचा 1984 चा कायदाही लागू शकतो. तरीही शाळकरी मुलगा सापडला, तर त्याच्या पालकांना बोलावून त्यांच्या संमतीने, मोठ्यांच्या देखरेखीखाली, साबणपाण्याचे फडके त्याच्या हाती द्यावे, असे माझे मत आहे. थिनरची बाटली मोठ्यांनीच हाताळावी.